घोट्यातले पहिले अठ्ठेचाळीस तास

माणूस उंचावरून पायांवर पडतो, किंवा ब्रेकवर पाय रोवलेला असताना त्याची गाडी समोरून धडकते. दोन्ही वेळा घोट्यात घडतं ते सारखंच. टॅलस हे घोट्यातलं घट्ट हाड, खलातल्या बत्त्यासारखं, नडगीच्या हाडाच्या तळावर आदळतं. नडगीचा हा तळ म्हणजे घोट्याच्या सांध्याचं छत. त्याचे दोन-चार, कधी डझनभर तुकडे होतात. ऑर्थोपेडिक डॉक्टर याला पायलॉन फ्रॅक्चर म्हणतात. तीन मीटरवरून, म्हणजे साधारण एका मजल्यावरून, पडणारा माणूस जमिनीला टेकतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ७.७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर असतो. हा वेग काही मिलिसेकंदांत शून्यावर यायचा असतो. त्यातला मोठा वाटा ज्या मऊ थराला सोसावा लागतो, तो घोट्यात जेमतेम एक-दीड मिलिमीटर जाडीचा आहे.

पुढची गोष्ट अस्थिरोग विभागात काम करणाऱ्या कुणालाही पाठ असेल. ऑपरेशन होतं, प्लेट-स्क्रू बसतात, हाड जुळतं, एक्स-रे बघून सगळे समाधान मानतात. दोन-तीन वर्षांनी तोच रुग्ण परत येतो. घोटा दुखतो, सकाळी आखडतो, जिना उतरवत नाही. नव्या एक्स-रेमध्ये दोन हाडांमधली फट अरुंद झालेली असते. वय चाळिशीचं आणि सांधा सत्तरीतला. गुडघ्याची झीज बहुतेकदा वयाने, वजनाने येते. घोट्याचं तसं नाही. घोट्यातल्या ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या, म्हणजे सांध्याच्या या झिजेच्या, बहुसंख्य रुग्णांमध्ये मागे कुठली तरी इजा सापडतेच.

हाड जुळलं तर सांधा का बिघडतो, हे कोडं जुनं आहे. सर्जन मंडळींचं नेहमीचं उत्तर असं, की पृष्ठभाग नीट जुळला नाही, कुठे तरी मिलिमीटर-दोन मिलिमीटरची पायरी राहिली, तिथे दाब एकवटला आणि कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचा तो मऊ थर, घासली गेली. यात तथ्य आहे. पण जिथे पायरी राहिलेली नाही असे घोटेही बिघडतात, आणि थोडं वाकडं जुळलेले काही घोटे वर्षानुवर्षं चालतात. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात लॉरेन्स मार्श, जोसेफ बकवॉल्टर वगैरे मंडळी ही विसंगती बरीच वर्षं जाहीरपणे मांडत होती. तिथल्याच युकी तोचिगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इथे मांडायचं प्रकरण ते.

थोड्या पेशी, मोठा कारभार

प्रयोगाकडे जाण्याआधी कूर्चा थोडी जवळून बघायला हवी. मटणाच्या नळीच्या टोकाला जो गुळगुळीत, पांढरट, किंचित निळसर झाक असलेला थर असतो, तीच ही. तिच्या वजनात ६५ ते ८० टक्के पाणी. बाकीचा भाग मुख्यतः दोन गोष्टींचा. एक, कोलॅजेनचे तंतू, बहुतेक दुसऱ्या प्रकारचे. दुसरी, अॅग्रिकॅन नावाचे प्रचंड मोठे रेणू. अॅग्रिकॅनवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे तो पाणी ओढून फुगू पाहतो आणि कोलॅजेनची जाळी त्याला फुगू देत नाही. या ओढाताणीतून कूर्चेला दाब पेलण्याची ताकद मिळते. जाळीत कुठे चीर पडली की पाणी जास्त शिरतं, कूर्चा सुजल्यासारखी मऊ होते आणि ताकद जाते.

हे सगळं तयार करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या पेशी म्हणजे कूर्चापेशी, कॉन्ड्रोसाइट. मोठ्या माणसाच्या कूर्चेत त्यांनी व्यापलेली जागा एकूण आकारमानाच्या शंभरात जेमतेम दोन-चार भाग. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूही नाहीत. अन्न आणि ऑक्सिजन सांध्यातल्या वंगणातून झिरपत येईल तेवढाच. म्हणून या पेशी कमी ऑक्सिजनवर, बरीचशी ऊर्जा ग्लुकोज ऑक्सिजनशिवाय फोडून मिळवतात. प्रौढ वयात त्या जवळपास विभागत नाहीत. कूर्चेतल्या कोलॅजेनचं अर्धं आयुर्मान, म्हणजे त्यातलं निम्मं बदलायला लागणारा काळ, शंभर वर्षांच्या वर मोजलं गेलं आहे. म्हणजे जे कोलॅजेन तरुणपणापर्यंत तयार झालं, तेच मरेपर्यंत वापरायचं. पेशी मेली तर तिच्या जागी दुसरी येण्याची शक्यता फार थोडी, आणि तिच्या ताब्यातलं द्रव्य बेवारशी पडतं. विल्यम हंटर या शल्यविशारदाने १७४३ सालीच लिहून ठेवलं होतं, की कूर्चेला एकदा इजा झाली की ती भरून येत नाही. पावणेतीनशे वर्षांत यात फार मोठी दुरुस्ती करावी लागलेली नाही.

मज्जातंतू नसल्यामुळे आणखी एक घोटाळा होतो. कूर्चा स्वतः दुखत नाही. अपघातानंतर रुग्ण ओरडतो तो हाडामुळे, सांध्याच्या आवरणामुळे, ताणलेल्या अस्थिबंधांमुळे. कूर्चेत काय चाललंय याची तक्रार करणारं कुणी नसतं.

चालताना घोट्यावर शरीराच्या वजनाच्या चार-पाचपट जोर येतो आणि तो कूर्चापेशींना मानवतो, किंबहुना हवाच असतो. पाय वर्षभर प्लास्टरमध्ये ठेवला तर कूर्चा पातळ होते. सावकाश दाबाखाली आतलं पाणी दाब उचलतं, थोडं थोडं सरकतं, पेशी किंचित चपट्या होतात आणि पुन्हा पूर्ववत होतात. आघातात फरक पडतो तो जोरापेक्षा वेगामुळे. काही मिलिसेकंदांत पाण्याला सरकायला वेळच नसतो. सगळा ताण तंतूंच्या जाळीवर येतो, ती बाजूला फाकते, फाटते, आणि तिला चिकटलेल्या पेशी तिच्याबरोबर खेचल्या जातात.

किती दाबाला पेशी मरतात? १९७७ साली रेपो आणि फिनले यांनी नियंत्रित आघात देऊन पाहिलं, त्यांना २५ मेगापास्कलच्या आसपास पेशीमृत्यू आणि चिरा दिसल्या. पुढे गाईच्या कूर्चेवरच्या प्रयोगांत १५ ते २० मेगापास्कल हा उंबरठा निघाला. वासराच्या कोवळ्या कूर्चेत त्याहून बऱ्याच कमी दाबालाही पेशी मेल्या. एक मेगापास्कल म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण दहा किलो वजन, म्हणजे २० मेगापास्कलला दोनशे किलो. हे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि जुळायला हवेत असंही नाही. प्राण्याचं वय, आघाताचा वेग, खालचं हाड ठेवलं की काढलं, यावर उंबरठा हलतो. असा एकच आकडा पाठ करून ठेवण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

सात घोटे

२०११ पर्यंतचं बहुतेक काम कूर्चेच्या छोट्या गोल चकत्यांवर झालेलं होतं. खाटीकखान्यातून गुडघा आणायचा, चकती कापायची, तिच्यावर वजन टाकायचं. सोय मोठी, पण चकती कापतानाच कडेच्या पेशी मरतात. आजूबाजूची कूर्चा नाही, समोरचा पृष्ठभाग नाही, अनेकदा खाली हाडही नाही. मुख्य म्हणजे चकती फ्रॅक्चर होत नाही. माणसाचा सांधा मोडतो तेव्हा काय होतं ते चकती सांगू शकत नाही.

आयोवाच्या गटाने माणसाचे अखंड घोटे घेतले. काही ना काही कारणाने पाय कापावा लागलेल्या रुग्णांचे, पण ज्यांचा घोट्याचा सांधा स्वतः निरोगी होता असे सात. शवागारातला मृतदेह इथे चालत नाही. ज्या पेशींचं मरण मोजायचं त्या आधी जिवंत असायला हव्यात. म्हणून पाय शस्त्रक्रियेतून बाहेर आला की लगेच घोटा प्रयोगशाळेत. तिथे तो यंत्रात बसवून, टॅलसचा मारा नडगीच्या तळावर बसेल अशा पद्धतीने वजनाचा आघात दिला. खऱ्या पायलॉन फ्रॅक्चरसारखंच छत मोडलं. मग ते पोषक द्रवात जिवंत ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, आघातानंतर लगेच आणि पुढचे ४८ तास.

जिवंत-मृत पेशी ओळखायची पद्धत या क्षेत्रात नेहमीची आहे. एक रंग जिवंत पेशीतल्या विकरांनी फोडला की हिरवा चमकतो. दुसरा, लाल रंग पेशीपटल फाटलं असेल तरच आत शिरून केंद्रकाला चिकटतो. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने थर-थर बघता येतात, त्यामुळे कूर्चा न चिरता वरच्या थरातल्या हिरव्या-लाल ठिपक्यांची गणती होते.

आघातानंतर लगेच पाहिलं तेव्हा फ्रॅक्चरच्या कडेला, वरच्या थरात, दहा टक्क्यांहून कमी पेशी मेलेल्या होत्या. कडेपासून दूर तर शंभरात एक-दोन. ४८ तासांनी पाहिलं तर कडेच्या पट्ट्यात साधारण एक चतुर्थांश पेशी मेलेल्या. दूरच्या भागातही आकडा चढला होता, पण तिथे तो दहा टक्क्यांच्या आतच राहिला.

निष्कर्ष साधा वाटतो, पण त्यातल्या दोन गोष्टी निरनिराळ्या करून पाहायला हव्यात. पहिली जागेची. मार सगळ्या छताला बसला होता, तरी मृत्यू प्रामुख्याने मोडलेल्या कडांच्या अरुंद पट्ट्यात एकवटला. कूर्चा जिथे फाटली तिथे पेशींना जो ताण बसला तो दोन पावलं पलीकडे बसला नाही. यातून मी एक पुढचं अनुमान काढतो. सांध्याचे तुकडे जितके जास्त तितकी कडांची एकूण लांबी जास्त, आणि तितका मरणाचा पट्टा रुंद नसला तरी लांब. दोन तुकड्यांचा घोटा आणि बारा तुकड्यांचा घोटा यांत फरक पडतो तो बराचसा इथे.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि मला तीच या प्रकरणाचं मर्म वाटते. ४८ तासांनी जितक्या पेशी मृत सापडल्या त्यांतल्या बऱ्याच आघातानंतर लगेच जिवंत होत्या. त्या मारल्या गेल्या नाहीत, मागाहून मेल्या. यंत्राचं वजन पडून तास उलटले होते, घोटा शांतपणे पोषक द्रवात पडून होता, आणि पेशी मरतच होत्या.

प्रयोगाच्या मर्यादाही सरळ आहेत. घोटे सातच. रक्तप्रवाह नाही, सांध्यात साचणारं रक्त नाही, सूज आणणाऱ्या पांढऱ्या पेशी नाहीत. निरीक्षण दोन दिवसांचं. पण या मर्यादांमुळेच एक गोष्ट पक्की होते. उशिराच्या मरणाला बाहेरून कुणी यावं लागत नाही. त्याची यंत्रणा कूर्चेच्या आतच आहे.

मागाहून का मरतात

याचं उत्तर आयोवाच्याच जेम्स मार्टिन यांच्या गटाने आधीपासून शोधत आणलं होतं, मुख्यतः गाईच्या कूर्चेवर. पेशीच्या आत प्रथिनांच्या दोऱ्यांचा सांगाडा असतो. तो बाहेरच्या तंतूंना पेशीपटलातून जोडलेला असतो आणि आत तंतुकणिकांना, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांना. कूर्चा खेचली गेली की पेशी खेचली जाते, पेशी खेचली की तंतुकणिका. तंतुकणिकेच्या आतल्या पटलावर इलेक्ट्रॉनांची साखळी चालते. ती बिघडली की इलेक्ट्रॉन गळून ऑक्सिजनला चिकटतात, सुपरऑक्साइड आणि त्याची भावंडं तयार होतात. या ऑक्सिडीकारक रेणूंचा, म्हणजे ऑक्सिडंटांचा, मारा पेशीला आतून बसतो.

हे नुसतं तर्काने मांडलेलं नाही. प्रत्येक पायरी अडवून पाहिली आहे. सांगाड्याचे दोरे विरघळवणारं द्रव्य दिलं, मग आघात दिला, तर ऑक्सिडंट कमी निघाले आणि पेशी वाचल्या. इलेक्ट्रॉन साखळीचा पहिला टप्पा रोटेनोनने अडवला, तेव्हाही वाचल्या. रोटेनोन हे काही वनस्पतींच्या मुळांत सापडणारं विष, मासे आणि किडे मारायला वापरलं जाणारं, सांध्यात टोचायचं औषध नव्हे. पण एक विष पेशी वाचवतं ही गोष्टच सांगून जाते, की त्या घटकेला साखळी चालू राहणं हे ती थांबण्यापेक्षा जास्त घातक असतं. कूर्चापेशी ऊर्जेसाठी तंतुकणिकांवर फारशा अवलंबून नसतात, म्हणून थोडा वेळ साखळी थांबली तरी त्यांचं भागतं. मेंदूच्या पेशीला हे सोसलं नसतं.

तिसरा मार्ग ऑक्सिडंट तयार झाल्यावर टिपायचा. त्यासाठी एन-अॅसिटिलसिस्टीन वापरलं. पॅरासिटामॉलचा ओव्हरडोस झाला की देतात आणि खोकल्यातला कफ पातळ करायलाही देतात, तेच हे. आघातानंतर लगेच दिलं तर ४८ तासांनी जिवंत पेशींची संख्या दुपटीच्या पुढे गेली. चार तास उशीर केला तरी फायदा दिसला. चार तास ही वेळ लक्षात ठेवावी, पुढे ती उपयोगी पडेल. केमिस्टकडे सहज मिळणारं औषध म्हणून कुणी गोळ्या आणायला धावू नये. प्रयोगात ते थेट कूर्चेभोवतीच्या द्रवात होतं, आणि पोटातून घेतलेलं औषध रक्तवाहिन्या नसलेल्या थरात किती पोचेल हा निराळाच प्रश्न आहे.

दुसऱ्या एका दाराचा शोध ड्यूक विद्यापीठातल्या फर्शिद गिलक आणि वोल्फगांग लीडटके यांच्या गटाला लागला. पेशीपटलावर पिएझो-१ आणि पिएझो-२ नावाच्या वाहिन्या असतात. पटल ताणलं की त्या उघडतात आणि कॅल्शियम आत शिरतं. आर्डेम पटापूटियन यांना २०२१ चं नोबेल ज्या शोधासाठी मिळालं त्या याच वाहिन्या. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं, की कूर्चापेशींत या दोन्ही मिळून मोठ्या ताणाला प्रतिसाद देतात. चालण्याइतक्या साध्या ताणाचं काम मुख्यतः टीआरपीव्ही-४ ही वेगळी वाहिनी बघते. टॅरंट्युला कोळ्याच्या विषातून काढलेला, पिएझो वाहिन्या बंद करणारा एक छोटा पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा तुकडा, दिला, तर कूर्चेत जखमेच्या कडेला मरणाऱ्या पेशी कमी झाल्या. म्हणजे रोजच्या दाबाचा निरोप एका दारातून येतो आणि मोठ्या आघाताचा दुसऱ्या. निदान कागदावर तरी, दुसरं दार बंद करून पहिलं उघडं ठेवता येईल.

कॅल्शियमची आणि ऑक्सिडंटची वाट वेगळी की एकच? माझ्या मते त्या तंतुकणिकेपाशी मिळतात. जास्तीचं कॅल्शियम शेवटी तिथेच कोंबलं जातं आणि तिचा विद्युतभार ढासळतो. कॉर्नेल विद्यापीठात घोड्यांच्या सांध्यांवर काम करणाऱ्या मिशेल डेल्को यांच्या गटाने तंतुकणिकांचं पटल सांभाळणारा एसएस-३१ हा पेप्टाइड वापरला आणि आघातानंतरचा पेशीमृत्यू रोखला, तेही याच दिशेला बोट दाखवतं.

खऱ्या अपघातात या सगळ्यात रक्ताची भर पडते. सांध्यात साचलेल्या रक्तातलं लोह आणि पेशींनी सोडलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आलं की फार दाहक रेणू तयार होतात. हिमोफिलियाच्या रुग्णांचे सांधे का बिघडतात, हे शोधताना नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या संशोधकांनी दाखवलं होतं, की थोडे दिवसही कूर्चा रक्तात राहिली तर तिचं कायमचं नुकसान होतं. पायलॉन फ्रॅक्चरमध्ये सांधा रक्ताने भरलेलाच असतो. आयोवाच्या सात घोट्यांत हे नव्हतं. खऱ्या घोट्यात चित्र त्याहून वाईट असण्याचीच शक्यता अधिक.

वाचलेल्यांचं काय

मेलेल्या पेशींबद्दल बोलताना वाचलेल्या सुटून जातात. कडेच्या पट्ट्यातसुद्धा चारातल्या तीन पेशी दोन दिवसांनी जिवंत होत्या. त्या पूर्वीसारख्या वागत नाहीत. मेलेल्या पेशींतून सांडलेली प्रथिनं, कूर्चेतल्या फायब्रोनेक्टिन या प्रथिनाचे मोडलेले तुकडे, हे सगळं त्यांना धोक्याची सूचना म्हणून पोचतं. त्या एमएमपी गटातली आणि एडीएएमटीएस-४ व ५ ही विकरं अनेक पटींनी जास्त बनवू लागतात. ही विकरं अॅग्रिकॅन आणि कोलॅजेन कापतात. नवं बांधायचं काम मागे पडतं. वरच्या थरातल्या पेशी सांध्याचं वंगण, ल्युब्रिसिन, बनवतात. मरतात त्या बहुतेक त्याच थरातल्या, त्यामुळे वंगणही कमी पडतं. आधीच चीर पडलेला पृष्ठभाग अधिक घासतो. महिनोन्‌महिने चालणारं हे नुकसान पुढे एक्स-रेवर अरुंद फट होऊन दिसतं.

एक अनपेक्षित पाहुणा इथे येतो. २०१२ साली आयोवाच्याच गटाने दाखवलं, की आघात झालेल्या जागी काही दिवसांनी लांबट, हलणाऱ्या पेशी गोळा होतात. त्या मूळपेशींच्या जातीच्या आहेत आणि मेलेल्या पेशींतून सांडणारं एचएमजीबी-१ हे प्रथिन त्यांना खेचून आणतं. म्हणजे कूर्चा अगदीच हात टेकून बसत नाही. मात्र या पेशी खरी कूर्चा बांधतात की मोडतोड साफ करता करता दाह वाढवतात, यावर अजून वाद आहे. मी तरी त्यांच्यावर फार आशा ठेवत नाही. कूर्चेच्या बाबतीत 'स्वतः भरून येईल' या आशेला आजवरचा अनुभव साथ देत नाही.

दोन घड्याळं

आता रुग्णालयात येऊ. पायलॉन फ्रॅक्चरचा रुग्ण आला की बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवशी प्लेट बसवत नाहीत. घोटा फुगलेला असतो, कातडीवर फोड येतात. अशा कातडीतून चिरा देऊन मोठं ऑपरेशन केल्याने जखमा उघड्या पडल्या, जंतुसंसर्ग झाले, काहींचे पाय गेले. म्हणून १९९९ च्या सुमारास दोन टप्प्यांची पद्धत रूढ झाली. पहिल्या दिवशी बाहेरून पिना आणि सळ्या लावून, म्हणजे एक्सटर्नल फिक्सेटरने घोटा ताणून धरायचा. मग सीटी स्कॅन करायचा. दहा-बारा दिवसांनी, कधी त्याहून उशिरा, सूज उतरून कातडीवर सुरकुत्या दिसल्या की आत शिरायचं आणि तुकडे जुळवायचे. कातडीचा विचार केला तर ही पद्धत योग्यच आहे, आणि तिने बरेच पाय वाचवले.

पण कूर्चापेशींचं घड्याळ वेगळं चालतं. सर्जन आत शिरतो तोवर त्यांचे ४८ तास केव्हाच उलटलेले असतात. तो मिलिमीटरपर्यंत जुळवतो त्या कडांवरच्या वरच्या थरातल्या सुमारे चतुर्थांश पेशी मेलेल्या, बाकीच्या चिडलेल्या असतात. ऑपरेशन कितीही देखणं झालं तरी हे बदलत नाही. तुकडे नीट जुळवू नयेत असा याचा अर्थ नाही. वाकडा घोटा आणखी लवकर जातो. पण सांधा बिघडला की सगळा दोष जुळवणीच्या माथी मारायची सवय सोडायला हवी.

आपल्याकडे रुग्णालयाच्या घड्याळालाही उशीर होतो. पहाडावरून किंवा बांधकामाच्या परांचीवरून पडलेला मजूर आधी तालुक्याच्या ठिकाणी, तिथून जिल्ह्याला, तिथून शहरात असा फिरतो. मध्ये कुणी हाडवैद्याकडेही नेतो, आणि मोडलेल्या सांध्याला चोळून घेतल्याने कडा पुन्हा एकमेकींवर घासतात. चार तासांच्या आत सांध्यात काही टोचता येईल ही कल्पना अशा रुग्णाच्या बाबतीत फार लांबची वाटते.

मिनिपिगपासून माणसापर्यंत

२०१८ साली मिचेल कोलमन, जेम्स मार्टिन आणि सहकाऱ्यांनी सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन या नियतकालिकात पुढचं पाऊल टाकलं. युकाटन मिनिपिग या छोट्या डुकरांच्या मागच्या पायात घोट्यासारखा सांधा असतो. त्यात आघाताने सांध्यातलं फ्रॅक्चर घडवलं, ते रीतसर जुळवून बसवलं आणि सांध्यात औषध टोचलं. काहींना एन-अॅसिटिलसिस्टीन, काहींना अॅमोबार्बिटल. अॅमोबार्बिटल हे जुनं झोपेचं औषध. ते रोटेनोनसारखंच इलेक्ट्रॉन साखळीचा पहिला टप्पा अडवतं, पण त्याची पकड सुटते. सहा महिन्यांनी तपासलं तेव्हा औषध न मिळालेल्या प्राण्यांत अपेक्षेप्रमाणे ऑस्टिओआर्थ्रायटिस सुरू झाला होता. औषध मिळालेल्यांच्या कूर्चेची अवस्था त्याहून बरीच चांगली होती. फ्रॅक्चर तसंच, जुळवणी तशीच, फरक पहिल्या दिवसांतल्या पेशींच्या वागण्यात पाडलेला. सात घोट्यांनी जो संशय दिला होता त्याला जिवंत प्राण्यात मिळालेला हा आधार.

माणसात अजून असं एकही औषध मान्यता मिळवून रोजच्या वापरात आलेलं नाही. वाटेतल्या अडचणी काही शास्त्राच्या आहेत, काही निव्वळ व्यवहाराच्या. मिनिपिगचं फ्रॅक्चर आणि ऑपरेशन एकाच बैठकीत होतं, माणसाचं दोन आठवड्यांच्या अंतराने. पण पहिल्या दिवशी फिक्सेटर लावताना रुग्ण टेबलावर असतोच, भूल दिलेली असते. त्याच वेळी सुईने सांध्यातलं रक्त काढून टाकावं आणि औषध सोडावं, हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. रक्त काढल्याचा फायदा वेगळाच. कातडी फुटून हाड बाहेर आलेल्या फ्रॅक्चरमध्ये मात्र सांध्यात काहीही टोचताना जंतुसंसर्गाची भीती राहते, अशा रुग्णांना माणसांवरच्या चाचणीतून वगळावं लागेल.

खरी अडचण चाचणीसाठी रुग्ण निवडण्याची आहे. परिणाम दिसायला दोन-तीन वर्षं लागतात, रुग्ण थोडे, आणि प्रत्येक फ्रॅक्चर वेगळं. आयोवाच्या अभियंत्यांनी यासाठी एक मोजमाप तयार केलं आहे. सीटी स्कॅनवरून हाडाचा नव्याने उघडा पडलेला पृष्ठभाग मोजायचा, हाडाच्या घनतेशी त्याचा गुणाकार करायचा आणि सांधा मोडायला किती ऊर्जा लागली ते काढायचं. पायलॉन फ्रॅक्चरच्या रुग्णांत या ऊर्जेचा आणि दोन वर्षांनंतरच्या झिजेचा संबंध त्यांना दिसला. नीट पाहिलं तर हे मोजमाप एका अर्थी कडाच मोजतं. कमी ऊर्जेचे घोटे औषधाशिवायही बरे राहतात, त्यांच्यात फरक दिसणार नाही. चुराडा झालेल्या घोट्यांत इतक्या पेशी पहिल्याच क्षणी गेलेल्या असतात की मागाहून मरणाऱ्या वाचवूनही फार हाती लागणार नाही. माणसांवरची पहिली चाचणी करायची तर ती मधल्या गटात, बंद कातडीच्या फ्रॅक्चरमध्ये आणि पहिल्या काही तासांत रुग्णालयात पोचलेल्यांवर करावी लागेल.